तालुक्यात जिंकलेला दावा जिल्ह्यात फिरला : वरचे न्यायालय नेमके काय तपासते?

काळी_माती

नमस्कार. दुधनेच्या काठी आमची वडिलोपार्जित जमीन आहे. शेजारच्या गटधारकांनी आमच्या हद्दीत सुमारे वीस गुंठे अतिक्रमण केले आहे, असे म्हणणे मांडून वडिलांनी ताबा परत मिळण्यासाठी दावा दाखल केला होता. भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घेतलेल्या मोजणीचा नकाशा त्यात दाखल होता, आणि वडिलांची व इतर साक्षीदारांची उलटतपासणीही बारकाईने झाली. तालुक्याच्या न्यायाधीशांनी दावा मंजूर केला. शेजाऱ्यांनी जिल्हा न्यायालयात अपील केले. तिथे एकही साक्षीदार पुन्हा उभा राहिला नाही, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले आणि दावा फेटाळला गेला. कारण असे दिले आहे की मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची साक्ष नोंदवलेली नाही, मोजणीची नोटीस शेजाऱ्यांना मिळाल्याचे दिसत नाही, आणि म्हणून नकाशा सिद्ध होत नाही.

आता औरंगाबाद खंडपीठात दुसरे अपील करण्याचा विचार आहे, परंतु तिथे पुरावा नव्याने तपासला जात नाही असे आमचे वकील सांगतात. माझा आक्षेप असा की, ज्या न्यायाधीशांनी साक्षीदाराला समोर बोलताना, अडखळताना आणि पाणी मागताना पाहिले, त्यांचे मत केवळ कागद वाचणाऱ्या न्यायालयाने बदलावे हे पटत नाही. आणि ते बदलता येत असेल, तर त्याच्याही वरच्या न्यायालयाने तेच कागद वाचण्यास हरकत कोणती? जाणकारांनी कृपया सांगावे.

काळा_कोट

मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करतो. आपल्या वकिलांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ते अर्धेच सांगितले गेले आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालील पहिले अपील म्हणजे दाव्याचाच पुढचा टप्पा असतो. जिल्हा न्यायालयाला घटना आणि कायदा या दोन्ही बाबींवर संपूर्ण पुरावा पुन्हा तपासण्याचा अधिकार आहे. खरे तर तो अधिकार कमी आणि कर्तव्य अधिक आहे, कारण आदेश ४१ नियम ३१ प्रमाणे त्या न्यायालयाने निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरील निष्कर्ष आणि त्या निष्कर्षांची कारणे निकालपत्रात लिहिलीच पाहिजेत. खालचा निकाल कायम करताना कारणे थोडक्यात दिली तरी चालते. निकाल फिरवायचा असेल तर मात्र खालच्या न्यायाधीशांच्या प्रत्येक महत्त्वाच्या कारणाला भिडून ते का चुकले हे दाखवावे लागते. संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टपणे मांडले आहे, आणि तोंडी पुराव्यात परस्परविरोध असेल तेव्हा साक्षीदार प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशांच्या मताला वजन द्यावे, हेही त्यात आहे. म्हणजे आपला आक्षेप कायद्याला परका नाही. मात्र नकाशा सिद्ध झाला की नाही हा प्रश्न साक्षीदाराच्या चेहऱ्यावरून सुटणारा नाही, तो कागदावरूनच सुटतो.

दुसरे अपील कलम १०० खाली येते, आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून ते कायद्याच्या सारभूत, म्हणजे निकालावर परिणाम करणाऱ्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच मर्यादित आहे. असा प्रश्न आहे असे उच्च न्यायालयाला वाटले तर ते तो प्रश्न शब्दांत मांडते आणि सुनावणी त्याच प्रश्नावर होते. जिल्हा न्यायालयाने घटनांबद्दल काढलेला निष्कर्ष चुकीचा वाटला, एवढ्या कारणावर तो फिरवता येत नाही. परंतु महत्त्वाचा पुरावा वाचलाच नसेल, दस्ताचा अर्थ उलटा लावला असेल, किंवा ज्याला कसलाच आधार नाही असा निष्कर्ष काढला असेल, तर ती चूक घटनेची राहत नाही, कायद्याची होते. आपला धागा तिथून पुढे सुरू होतो.

बोरी_फाटा

आमच्या गावात बांध एक फुटाचा आणि फाइल दीड फुटाची, असा एक दावा आजोबांच्या काळापासून चालू आहे. दोन्ही घरांतील मुले आता पुण्यात एकाच कंपनीत कामाला असून एकाच खोलीत राहतात, आणि तारखेची आठवण एकमेकांना करून देतात.

पेशकार_निवृत्त

धागाकर्त्यांनी सर्वांत आधी मुदत पाहावी. मुदत अधिनियमाप्रमाणे जिल्हा न्यायालयातील अपिलास ३० दिवस आणि उच्च न्यायालयातील अपिलास ९० दिवस मिळतात. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ कलम १२ प्रमाणे वगळला जातो, पण तो कसा मोजतात हे पक्षकारांना कोणी सांगत नाही. नकलेच्या शेवटच्या पानावर शिक्का असतो आणि त्यात अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. नक्कल तयार होऊन पडली आणि आपण ती आठ दिवसांनी नेली, तर ते आठ दिवस आपल्याच खात्यावर पडतात. नोकरीच्या काळात मी अनेकांना सांगत असे की घरी जाण्यापूर्वी हा शिक्का वाचा, पण बहुतेकांचे लक्ष आदेशाच्या शेवटच्या ओळीपलीकडे जात नसे.

दुसरे असे की केवळ निकालाची नक्कल काढून थांबू नये. सर्व साक्षीपुराव्यांच्या नकला काढाव्यात आणि विशेषतः प्रतिवादीची उलटतपासणी स्वतः वाचावी. जिल्हा न्यायालयाचे निकालपत्र एका बाजूला आणि ती साक्ष दुसऱ्या बाजूला ठेवावी. निकालपत्रात ज्या वाक्याचा उल्लेखच नाही असे वाक्य साक्षीत सापडले, तर वकीलसाहेबांनी वर जे लिहिले आहे ते हाती लागले असे समजावे.

मोंढा_नाका

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. अपील ही दुरुस्तीची व्यवस्था आहे हे पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्षात ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याच्यासाठी अपील म्हणजे आणखी काही हंगाम पीक घेण्याची सोय असते. माझ्या चुलत्यांनी तालुक्यात दावा जिंकला, हुकूमनामा अमलात आणण्यासाठी दरखास्त लावली, बेलिफ येण्याच्या आधीच वरून स्थगिती आली, आणि ते अपील निकाली निघेपर्यंत त्या शेतात विरोधकांचा ऊस उभा राहिला. दुरुस्ती कुणाची झाली?

काळा_कोट

@मोंढा_नाका, आपला राग समजू शकतो, तरी एक गोष्ट नोंदवतो. आदेश ४१ नियम ५ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते, भरून न येणारे नुकसान दाखवावे लागते, अर्ज विनाविलंब करावा लागतो आणि तारण द्यावे लागते. त्या काळातील उत्पन्न न्यायालयात जमा करा, अशी अटही घालून घेता येते. आमच्यातील कितीजण स्थगितीला विरोध करताना ही अट मागतात, असा प्रश्न आपण विचाराल तर मला मान खाली घालावी लागेल. आणि हुकूमनाम्याप्रमाणे ताबा घेतल्यावर अपिलात निकाल फिरला, तर कलम १४४ प्रमाणे तो ताबा परतही द्यावा लागतो. म्हणून काही वेळा स्थगिती ही दोन्ही पक्षांच्या हिताची ठरते.

मोंढा_नाका

उसाचे पैसे न्यायालयात जमा करा, असे आमच्या वकिलांनी कधी सुचवले नाही. बाकी आपले म्हणणे मान्य, राग कायम.

माहेरवाशीण

मला वेगळा अनुभव सांगायचा आहे. अपील लांबले म्हणून नुकसानच होते असे नाही, हे त्यातून दिसेल.

आम्ही दोन भाऊ आणि मी. वडील २००५ च्या आधीच गेले आणि आई हयात आहे. वाटणीसाठी मी दावा केला तेव्हा तालुक्याच्या न्यायालयाने जुन्या पद्धतीने हिशेब केला. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे मानायचे, त्यात वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी चौथा हिस्सा द्यायचा, आणि मग वडिलांच्या चौथ्या हिश्श्याचे आम्हा चौघांत समान भाग करायचे. माझ्या वाट्याला सोळावा हिस्सा आला. मी जिल्हा न्यायालयात अपील केले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली असल्याने मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, असे आमचे म्हणणे होते. परंतु तोपर्यंत फुलवती प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आला होता, आणि त्याप्रमाणे त्या तारखेला वडीलही हयात असणे आवश्यक होते. माझे अपील फेटाळले गेले.

खंडपीठात दुसरे अपील दाखल असतानाच २०१८ मध्ये दनम्मा प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तिथे वडील २००१ मध्येच वारले होते, तरी मुलींना समान हिस्सा मिळाला. एकाच न्यायालयाचे दोन निकाल दोन दिशांना जाऊ लागले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट लागत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित राहिल्या. आमच्या घरात कागदोपत्री वाटणी झालेलीच नव्हती. आता हिशेब असा झाला की वडील, आई आणि आम्ही तिघे मिळून पाच समान हिस्से, त्यात माझा स्वतःचा एक पंचमांश, अधिक वडिलांच्या पंचमांशाचा चौथा भाग. म्हणजे एकूण चौथा हिस्सा.

जिल्हा न्यायाधीशांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी जो कायदा त्यांना बांधील होता तो त्यांनी लावला. माझे अपील प्रलंबित नसते, किंवा मी कंटाळून ते काढून घेतले असते, तर मात्र तो सोळावा हिस्साच अंतिम झाला असता. आता प्राथमिक हुकूमनामा दुरुस्त होऊन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून करायच्या वाटपासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे आणि तिथून तहसील कार्यालयात आला आहे. तिथे तो काय करतो आहे, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

बोरी_फाटा

ताई, तहसील कार्यालयात फाइल काही करत नसते. ती विश्रांती घेते.

खासरा_५४

महसुली बाजूचा उल्लेख निघालाच आहे म्हणून लिहितो, कारण मराठवाड्यात बरेच पक्षकार दोन वेगळ्या शिड्या एकच समजून चढतात.

फेरफार मंजूर झाला की नामंजूर, यावरचे अपील महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे असे जाते, आणि कलम २५७ खाली पुनरीक्षणाचा मार्ग आहे. या शिडीच्या शेवटच्या पायरीवर जिंकलात तरी मालकी ठरत नाही. सातबारावरील नोंद महसूल वसुलीसाठी असते आणि मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयच करते, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तरीही आमच्याकडे एकेका फेरफारासाठी आयुक्तालयापर्यंत गेलेले लोक दिवाणी दावा लावायचाच विसरलेले असतात.

कुळाच्या जमिनींची शिडी आणखी वेगळी आहे. आपल्याकडे मुंबईचा कूळ कायदा लागू नाही, १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. तहसीलदारांच्या आदेशावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील होते, आणि त्यापुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण. या शेवटच्या पायरीवर पुरावा पुन्हा तोलला जात नाही. आदेश कायद्याविरुद्ध आहे का, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा ठरवायचा राहिला आहे का, की कार्यपद्धतीत मोठा दोष राहून अन्याय झाला आहे, एवढेच पाहिले जाते. दिवाणी दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला, तर तो मुद्दा तेवढ्यापुरता तहसीलदारांकडे पाठवावा लागतो आणि दावा तिथेच थांबतो.

अपिलात पराभव होण्याचे एक खास आपल्या भागातले कारणही सांगतो. निजामाच्या काळातील दस्त उर्दूत आहेत, इनामी जमिनींचे मुंतखब, म्हणजे इनाम मान्य केल्याचे दस्त, उर्दूत आहेत. तालुक्याच्या न्यायालयात कुणीतरी ओळखीच्या मौलवींकडून केलेले भाषांतर जोडले जाते, त्यावर कुणी आक्षेप घेत नाही आणि दावा त्यावरच जिंकला जातो. अपिलात समोरचा वकील जाणकार निघाला तर तो पहिला प्रश्न हाच विचारतो की भाषांतर करणाऱ्याची साक्ष कुठे आहे. धागाकर्त्यांचा मोजणीदार आणि हा भाषांतरकार ही एकाच जातीची अडचण आहे.

विधी_विद्यार्थी_लातूर

फौजदारी अपिलांबद्दलही कुणी लिहावे असे वाटते. निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात उच्च न्यायालय संपूर्ण पुरावा तपासू शकते, परंतु आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचे गृहीतक आधीच असते आणि सुटकेमुळे ते अधिक बळकट होते. म्हणून पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर सुटकेत हस्तक्षेप करू नये, असे २००७ च्या चंद्रप्पा प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे दिवाणी आणि फौजदारी अपिलांचा तराजूच वेगळा आहे.

पण मला छळणारा प्रश्न दुसरा आहे. वरचे न्यायालय खालच्याची चूक दुरुस्त करते, मग वरच्याची चूक कोण दुरुस्त करणार? मथुरा प्रकरणात, म्हणजे पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, सत्र न्यायालयाने दोन पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये संसदेने कायदाच बदलला. आज ते प्रकरण वाचणारे बहुतेक लोक नागपूर खंडपीठाचा निकाल योग्य मानतात. अशा वेळी दुरुस्ती कोणाची कोणी केली म्हणायचे?

काळा_कोट

सर्वांत वरच्या न्यायालयाच्या निकालावर पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, आणि २००२ च्या रूपा अशोक हुर्रा प्रकरणापासून अत्यंत मर्यादित कारणांसाठी उपचारात्मक (क्युरेटिव्ह) याचिकेचाही मार्ग आहे. परंतु आपण दिलेले उदाहरण या दोन्हींच्या पलीकडचे आहे. कायदाच अपुरा असतो तेव्हा त्याची दुरुस्ती विधिमंडळात होते, आणि ती पुढच्या पक्षकारांच्या उपयोगी पडते. त्या मुलीच्या उपयोगी ती पडली नाही.

जुना_पक्षकार

मुले नव्या निकालांबद्दल बोलत आहेत, म्हणून म्हाताऱ्याने जुने काही सांगितले तर रागावू नये. दुसरे अपील करायला संभाजीनगरला जायचे, हे आज सहज म्हटले जाते. १९५६ पर्यंत आमची अपिले हैदराबादला जात होती आणि राज्य पुनर्रचनेनंतर ती मुंबईला जाऊ लागली. नांदेड-परभणीच्या शेतकऱ्याला वकील पाहायलाच तिकडे दोन दिवस लागत, आणि त्या शहरात उतरायला जागा नसे. अनेकांनी जिल्ह्यात हरल्यावर पुढचे अपील केलेच नाही. त्यांच्या बाबतीत जिल्हा न्यायाधीश हेच सर्वोच्च न्यायालय होते.

२७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले. त्यालाही मुंबईत आव्हान दिले गेले आणि उच्च न्यायालयाने खंडपीठाची अधिसूचना रद्द ठरवली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८२ मध्ये तो निकाल फिरला म्हणून खंडपीठ टिकले. तेव्हा अपिलाने काय साधते असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की आपण ज्या इमारतीत अपील करतो ती इमारतसुद्धा अपिलात जिंकलेली आहे.

मोंढा_नाका

काका, हे वाक्य मला वादात हरवण्यासाठीच लिहिले आहे असे समजतो.

गेवराई_फाटा

सर्वांनी रिमांडचा विषय टाळला आहे, म्हणून मी काढतो. माझ्या मेहुण्यांच्या दाव्यात तालुक्याचा निकाल जिल्ह्यात रद्द झाला, पण दावा फेटाळला गेला नाही. एक मुद्दा काढायचाच राहिला म्हणून प्रकरण पुन्हा तालुक्याला पाठवले गेले. रिमांड म्हणजे न्यायालयातली दुबार पेरणी. बियाणे पुन्हा, खत पुन्हा, आणि पाऊस पडेलच याची हमी नाही.

पेशकार_निवृत्त

रिमांडची प्रकरणे पाहून न्यायाधीशही वैतागतात, हे मी जवळून पाहिले आहे. जुनी निशाणी (पुराव्यातले क्रमांक दिलेले कागद) शोधा, जुने साक्षीदार शोधा, आणि त्यातले निम्मे वारलेले. खरे म्हणजे प्रत्येक वेळी संपूर्ण प्रकरण परत पाठवण्याची गरज नसते. आदेश ४१ नियम २५ प्रमाणे अपील स्वतःकडेच ठेवून, राहिलेल्या मुद्द्यावर तेवढा निष्कर्ष खालच्या न्यायालयाकडून मागवता येतो. आणि पुरावा पुरेसा असेल तर नियम २४ प्रमाणे वरचे न्यायालय स्वतःच मुद्दा काढून निकाल देऊ शकते. ही कलमे जितकी वापरली जायला हवीत तितकी वापरली जात नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण रिमांडने अपिलाचा आकडा लगेच कमी होतो, आणि तेवढेच ओझे खालच्या बोर्डावर वाढते.

काळी_माती

सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले, आभारी आहे. पेशकारसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे साक्षींच्या नकला काढल्या. प्रतिवादीच्या उलटतपासणीत पुढील वाक्य सापडले, ते जसेच्या तसे देतो. "मोजणीच्या दिवशी मी बांधावर हजर होतो हे खरे आहे. मी पंचनाम्यावर सही करण्यास नकार दिला हे खरे आहे." तालुक्याच्या न्यायाधीशांनी हे वाक्य निकालपत्रात उद्धृत करून त्यावर अर्धे पान लिहिले आहे. जिल्हा न्यायालयाच्या निकालपत्रात नोटीस मिळाली नाही एवढेच आहे, आणि प्रतिवादी प्रत्यक्ष हजर असल्याच्या या कबुलीचा उल्लेखही नाही. याला पुरावा न वाचणे म्हणता येईल का? आणि निव्वळ तांत्रिक दोषासाठी हुकूमनामा फिरवू नये असे कलम ९९ आहे, असे एका मित्राने सांगितले. ते इथे लागू पडते का?

काळा_कोट

म्हणता येईल, आणि आपल्या अपिलातील पहिला प्रश्न हाच असावा. प्रतिवादीच्या स्पष्ट कबुलीकडे दुर्लक्ष करून नोटीशीबाबत काढलेला निष्कर्ष टिकतो का, हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि खालच्या न्यायाधीशांच्या नेमक्या कारणाला जिल्हा न्यायालय भिडलेले नाही हे नियम ३१ च्या अंगानेही मांडता येईल. कलम १०३ प्रमाणे राहून गेलेला मुद्दा अभिलेखावरील पुराव्यावरून उच्च न्यायालय स्वतःही ठरवू शकते.

मात्र आशा एका पायावरच उभी करू नका. मोजणीदाराची साक्ष झालेली नाही हा दोष कबुलीने पूर्णपणे भरून निघत नाही. आपला दावा ज्या जुन्या पुरावा अधिनियमाखाली चालला, त्याच्या कलम ८३ मध्ये सरकारी नकाशे अचूक असल्याचे गृहीत धरले जाते, परंतु एखाद्या वादासाठी मुद्दाम तयार केलेला नकाशा अचूक असल्याचे सिद्धच करावे लागते, असेही त्याच कलमात आहे. प्रतिवादी हजर होता, म्हणजे मोजणी त्याच्या माघारी झाली नाही. ती बरोबर झाली हे त्यातून ठरत नाही. म्हणून कलम ९९ फार लांब नेणार नाही, कारण हा दोष प्रकरणाच्या गाभ्यालाच लागतो.

अतिक्रमणाच्या दाव्यात तोंडी साक्षींवरून हद्द ठरवण्यापेक्षा आदेश २६ नियम ९ प्रमाणे न्यायालयाने आयुक्त नेमून दोन्ही गटांची संयुक्त मोजणी करून घ्यावी, असे उच्च न्यायालयाने पुष्कळ प्रकरणांत म्हटले आहे. आपल्या प्रकरणाचा शेवटही तसाच होण्याची शक्यता मला अधिक वाटते. शिवाय आदेश ४१ नियम २७ खाली अतिरिक्त पुराव्याचा अर्ज देऊन ठेवा. पूर्वी प्रयत्न करूनही पुरावा का आणता आला नाही हे तुम्हाला सांगावे लागेल, आणि ते उत्तर कमकुवत आहे. परंतु निर्णय देण्यासाठी न्यायालयाला स्वतःलाच तो पुरावा आवश्यक वाटला तरी तो घेता येतो. हा अर्ज अंतिम सुनावणीच्या वेळीच ऐकावा, असे २०१२ च्या इब्राहिम उद्दीन प्रकरणात सांगितले आहे, त्यामुळे तो लगेच निकाली निघेल असे समजू नका.

गेवराई_फाटा

म्हणजे शेवटी दुबार पेरणीच.

माहेरवाशीण

शेवटी संयुक्त मोजणीच होणार असेल, तर ती दोन्ही घरांनी आत्ताच संमतीने का करू नये? ज्या जमिनीची मोजणी वीस वर्षांनी न्यायालय करून घेणार आहे, ती आज शुल्क भरूनही होते. लोक अदालतीत तडजोड केली तर तिला हुकूमनाम्याचाच दर्जा मिळतो आणि तिच्यावर अपील नसते.

काळी_माती

ताई, प्रस्ताव मी स्वतः दोनदा पाठवला. शेजारचे थोरले बंधू तयार होते, धाकट्यांचे म्हणणे असे की जिंकलेला माणूस मोजणी कशाला करील. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो. त्यामुळे अपील करतच आहे, प्रस्ताव तसाच ठेवून.

एक शेवटची शंका आहे. जे थोरले बंधू तयार होते, ते जिल्हा न्यायालयाच्या निकालानंतर वारले. अपिलात त्यांचे नाव उत्तरवादी म्हणून तसेच ठेवून नंतर वारसांचा अर्ज दिला तर चालेल का? सर्व वारसांची नावे अद्याप मिळालेली नाहीत.

काळा_कोट

चालणार नाही. अपील प्रलंबित असताना उत्तरवादी वारला तर ९० दिवसांत वारस अभिलेखावर घेण्याचा अर्ज देता येतो. ते अपील दाखल होण्यापूर्वीच वारले असल्याने मृत व्यक्तीविरुद्ध अपील दाखल करू नका, सुरुवातीपासून वारसांचीच नावे घाला. सातबारावर वारसाचा फेरफार झाला असल्यास त्यातून नावे मिळतील. मुलींची नावे त्यात गाळली गेलेली असतात, ती स्वतंत्रपणे विचारून घ्या.

पेशकार_निवृत्त

आणि ही नावे शोधण्यात ९० दिवस संपू देऊ नका. नकलेवरच्या शिक्क्याचा फोटो मला व्यक्तिगत संदेशात पाठवा, शेवटची तारीख मोजून देतो.